धातूची गंगाजळी

‘गंगाजळी’ हा शब्द आज मराठीत बहुधा बँकांच्या अहवालांत आणि अर्थसंकल्पावरील लेखांत भेटतो. अडीअडचणीसाठी राखून ठेवलेले, सहसा हात न लावावयाचे द्रव्य, असा त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण हा शब्द पैशाच्या वाटेने भाषेत आला नाही. गंगेचे पाणी भरून, तोंड बंद करून देवघरात ठेवलेले धातूचे पात्र, ती मूळची गंगाजळी. काशीयात्रेहून परतलेला गृहस्थ मावंदे घाली, गंगापूजन होई, गावजेवणाच्या दिवशी एखादा गडू फोडून तीर्थ वाटले जाई आणि उरलेले गडू देव्हाऱ्याच्या कोनाड्यात जाऊन बसत. घरातील वृद्धाच्या अंतकाळी त्यातील एक गडू खाली निघे. एरवी दिवाळीच्या आवराआवरीत कोणी तो कानाशी धरून हलवून पाही. आत पाणी हलले की समाधानाने पुन्हा जागेवर ठेवी.

हा गडू वर्षानुवर्षे पाणी कसे राखी, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तांब्याच्या किंवा पितळेच्या लहानशा पात्राच्या तोंडावर त्याच धातूची चकती बसवावयाची आणि कडेने कथील-शिशाची झाळ फिरवावयाची, एवढीच कृती. तोंडाला फिरकी नाही, बूच नाही. गडू उघडावयाचा म्हणजे फोडावयाचाच. धातूच्या हवाबंद डब्याचा इतिहास ग्रंथकार इसवी सन १८१० पासून सुरू करतात आणि ते योग्यच आहे. कारण डब्यात अन्न टिकते ते उष्णतेच्या संस्कारामुळे, आणि गडूवर तसा कोणताही संस्कार होत नसे. तरी धातूचे तोंड धातूने कायमचे बंद करण्याची विद्या आपल्याकडे घरोघर परिचित होती, आणि तिचे एक मोठे केंद्र काशी हे होते.

काशीत मराठी माणसाला परके वाटू नये अशी सोय अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत मराठ्यांनीच करून ठेवली. केदारघाटाकडून दशाश्वमेधाकडे येताना नारदघाटालगत जो घाट लागतो त्याला आज राजाघाट म्हणतात. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. १७२० च्या सुमारास गाजीराव बाळाजी नावाच्या मराठा सरदाराने येथे पहिला घाट बांधला असे सांगतात. त्याला भक्कम दगडी रूप दिले ते अमृतराव पेशव्यांनी. रघुनाथरावांचे हे दत्तक पुत्र. १८०२ च्या हडपसरच्या लढाईनंतर यशवंतराव होळकरांनी त्यांच्या हाती पुण्याचा कारभार सोपविला. बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला, आणि १८०३ च्या ऑगस्टमध्ये अमृतरावांनीही इंग्रजांशी करार करून सालिना सात लाखांचे वेतन पत्करले. पुढचे आयुष्य त्यांनी चित्रकूटजवळील करवी आणि काशी येथे दानधर्मात घालविले. घाटावर अमृतेश्वर, विनायकेश्वर, नारायणेश्वर आणि गंगेश्वर अशी चार देवालये आहेत. त्यांनीच उभारलेले अमृतविनायकाचे देऊळ उत्तरेकडे गणेशघाटावर आहे. अन्नछत्र, उतरण्यास ओवऱ्या, पायाशी गंगा; दक्षिणेतून सहा-सहा महिने चालत आलेल्या यात्रेकरूला आणखी काय हवे होते? अशा घाटांच्या पायऱ्यांवर शेवटच्या दिवशी गडू भरले जात आणि झाळकाम करणाऱ्याकडून बंद करून घेतले जात.

गंगाजल बंद करून दूर पाठविण्याची चाल अर्थात त्याहून पुष्कळ जुनी. अकबर बादशहाच्या पाणीखात्याचे वर्णन अबुल फजलने केले आहे, त्यात गंगेवर विश्वासू माणसे नेमली असून ती मोहोरबंद घटांतून पाणी पाठवीत असे तो सांगतो. सतराव्या शतकात ताव्हेर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने ब्राह्मणांना कावडीने हे पाणी शेकडो कोस नेताना पाहिले. ते घट मातीचे असत आणि त्यांवर मुख्य ब्राह्मणाची मोहोर असे. काशीची कावड रामेश्वराला नेताना एकनाथांनी ती तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातली, ही कथा तर मराठी मुलाला पाळण्यातच ऐकू येते. १८५७ साली कुलाबा जिल्ह्यातील पेणजवळच्या वरसई गावाहून विष्णुभट गोडसे अर्थार्जनासाठी उत्तरेत गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मिळविलेला पैसा वाटेत लुटला गेला. घरी पोचले ते गंगेची कावड घेऊन, आणि त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. त्यांच्या ‘माझा प्रवास’ या पुस्तकात अमृतरावांच्या करवीची हकीकतही आहे. १८५८ च्या जूनमध्ये जनरल व्हिटलॉकच्या सैन्याने करवी घेतली. पेशवे घराण्याचा तेथील सारा खजिना इंग्रजांच्या हाती पडला, आणि ती लूट कोणत्या पलटणींनी वाटून घ्यावी हा खटला लंडनमध्ये १८६६ पर्यंत चालला. साठवलेल्या धातूचे काय होते, याचा हा एक धडा. त्याला मालकाची ओळख नसते. वितळला की तो नव्या धन्याचा.

ह्याच गुणाची एक वेगळी, काहीशी राजेशाही साक्ष जयपूरला आहे. महाराजा दुसरे सवाई माधोसिंह १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, तेव्हा समुद्रपार गंगाजलावाचून राहावे लागू नये म्हणून चांदीचे प्रचंड घट आगबोटीवर चढविण्यात आले. खजिन्यातील रुपयांची चांदी वितळवून हे घट घडविले. एकेकाचे वजन ३४५ किलो आणि पोटात चार हजार लिटरांहून अधिक पाणी. त्यांना कोठेही सांधा नाही, झाळ नाही. राजप्रासादात ते आजही पाहावयास मिळतात. चलनी नाण्यांचे भांडे झाले, पण चांदी मोजून तेवढीच राहिली. शिवाय सांध्यावाचून भांडे घडविण्याची ही हौस पुढे एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूत यंत्राने कशी साधली, ते पाहताना ह्या घटांची आठवण ठेवणे उपयोगी पडेल.

सामान्य मराठी संसारात हीच गोष्ट लहान प्रमाणावर रोज चालत असे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत जाऊन बंब किंवा हंडा घेणारी गृहिणी दोन किमती मनात वेगळ्या ठेवी: एक धातूचा भाव आणि दुसरी घडणावळ. भांडे पडून फुटले, बुडाला भोक पडले, तर ते मोडीत जाई. मोडीच्या व्यवहारात घडणावळ बुडे, धातूचे मोल मात्र पदरात परत पडे आणि त्यात भर घालून नवे भांडे घरी येई. लग्नात भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावे घालून घेत. दुष्काळाच्या वर्षी ती नावे भट्टीत नाहीशी होत आणि त्या धातूवर घर तगे. काशीपुऱ्यातील कसेरे आणि ठठेरी बाजारातील दुकानदार ह्यांचा हिशोबही असाच होता. तांब्याची भांडी मठारून चकचकीत करणाऱ्या तांबटाला कच्चा माल खाणीतून मिळत नसे. पुष्कळसा तो गिऱ्हाइकाच्या जुन्या संसारातूनच मिळे. मोडीत एक अडचण नेहमीची होती. पितळ वितळविताना त्यातील जस्त पांढऱ्या धुराच्या रूपाने उडून जाते, म्हणून ते वरून घालावे लागे; आणि झाळ लावलेले भांडे न निवडता मुशीत पडले तर शिसे मिसळून धातू बिघडे. मिश्रधातू ओळखून वेगळा ठेवणे हीच ह्या धंद्यातील खरी विद्या. ही अडचण पुढे आधुनिक कारखान्यातही भेटणार आहे.

आता युरोपात काय घडत होते ते पाहावे. निकोला आपेर ह्या फ्रेंच हलवायाने बाटलीत अन्न भरून, बूच मारून, ती उकळत्या पाण्यात ठेवली असता अन्न नासत नाही हे सिद्ध केले आणि १८१० साली ती कृती छापून बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळविले. त्याच वर्षी लंडनच्या पीटर ड्युरँडने काचेऐवजी कथिलाचा हात दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या पात्राचे पेटंट घेतले. ब्रायन डाँकिन आणि जॉन हॉल ह्यांनी त्यावर कारखाना काढला. १८१३ मध्ये त्यांचे डबे इंग्रजी आरमाराकडे जाऊ लागले. कल्हईवाला नवसागर टाकून, कथील फिरवून, कापसाच्या बोळ्याने पितळेला जे करतो तेच येथे लोखंडाला केलेले असते. आपण ज्याला टिनचा डबा म्हणतो त्यात टिन म्हणजे कथील नावापुरतेच, कल्हईच्या थराइतके.

पहिले डबे हातांनी कापत, हातांनी वळवीत आणि झाळीने जोडीत. उघडण्याची सोय कोणी केली नव्हती. १८२४ साली, म्हणजे अमृतराव वारले त्याच वर्षी, कॅप्टन पॅरीच्या उत्तर ध्रुवाकडील मोहिमेत वासराच्या मांसाचे डबे गेले. त्यांवर छिन्नी आणि हातोडीने कडेजवळ कापावे अशी सूचना होती. डबा उघडण्याचे खास हत्यार इंग्लंडात १८५५ मध्ये येट्सने आणि अमेरिकेत १८५८ मध्ये वॉर्नरने काढले. कुलूप आधी आणि किल्ली पंचेचाळीस वर्षांनी, असा हा विलक्षण प्रकार. पण त्याहून मोठी गोष्ट सांध्याची. झाळीतले शिसे अन्नाला लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत ॲम्स आणि ब्रेंझिंजर ह्यांच्या प्रयत्नांनी झाकणाची आणि अंगाची कड एकमेकींत अडकवून दोनदा दुमडण्याची रीत पक्की झाली. शिंपी उसवू नये म्हणून दुहेरी दुमड घालतो तशी. फटीत रबराचा पातळ लेप असे. झाकणाच्या सांध्याला झाळीची गरज उरली नाही, आणि यंत्र मिनिटाला कितीतरी डबे बंद करू लागले.

येथे धातूच्या इतिहासात एक नवीन गोष्ट झाली, आणि तिची दखल शोधांच्या याद्यांत सहसा घेतली जात नाही. हे पहिले धातूचे भांडे असे की जे टाकून देण्यासाठीच घडविले होते. गडू फोडला तरी त्याचे तांबे घरात राही. डब्याचे लोखंड इतके पातळ आणि कल्हईने असे बांधलेले की त्याला मोडीचा भाव जवळजवळ नव्हताच. जर्मनीत गोल्डश्मिट कंपनीने क्लोरिन वायूने पत्र्यावरचे कथील सोडवून घेण्याची कृती चालविली. उलटी कल्हईच म्हणावयाची. पण ती मोठ्या कारखान्यांतील कातरणीला परवडे, उकिरड्यावरील गंजक्या डब्याला नव्हे.

हिंदुस्थानात डबा आला तो रॉकेल घेऊन. चार गॅलनांचा चौकोनी पत्र्याचा डबा बंदरातून खेड्यात पोचला आणि तेथे त्याचा दुसरा जन्म सुरू झाला. दांडी लावून तो बादली झाला, झाकण लावून पिठाची कोठी झाला, फोडून सपाट केल्यावर पडवीचे छप्पर झाला, आणि शेवटी त्याच पत्र्याचे तुकडे कापून चिमण्या व नरसाळी झाली. १९३७ पासून डालड्याच्या पिवळ्या डब्याचेही असेच झाले. त्यात तुळस लावलेली घरे अनेकांच्या स्मरणात असतील. जमशेदपूरजवळ गोलमुरीला टिनप्लेट कंपनीने १९२० च्या दशकात पत्रा काढावयास आरंभ केला, १९३३ मध्ये कलकत्त्याला मेटल बॉक्स कंपनी आली, आणि कोकणातील आमरस डब्यात बसून देशोदेशी जाऊ लागला. पाश्चात्त्यांनी जो डबा फेकावयासाठी केला तो आपल्या दारिद्र्याने फेकू दिला नाही. ह्याला कोणी काटकसर म्हणो, कोणी नाइलाज. कळशी परवडत नव्हती म्हणून डब्याने पाणी भरणाऱ्या बाईला हे दोन शब्द वेगळे वाटले नसावेत.

दरम्यान एक नवा धातू मैदानात उतरला होता. ॲल्युमिनिअम मातीत भरपूर, पण ऑक्सिजनला असा घट्ट बिलगलेला की एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्याचे मोल चांदीच्या बरोबरीचे होते. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या शिखरावर १८८४ साली मुद्दाम ॲल्युमिनिअमचे टोपण बसविले, ते त्याच्या अपूर्वाईमुळे. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू ह्या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती शोधली: वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये ॲल्युमिना विरघळवून त्यातून विजेचा प्रवाह सोडावयाचा. दोघांचा जन्म १८६३ चा आणि मृत्यूही दोघांना १९१४ मध्येच आला. धातू स्वस्त झाला. मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन ह्यांनी १८९८ मध्ये ॲल्युमिनिअमची भांडी करण्याचा उद्योग सुरू केला, आणि पुढच्या दोन पिढ्यांत हलकी, पांढरी, कल्हई न लागणारी पातेली गरिबांच्या चुलीवर चढली. मराठीत त्यांना ‘जर्मनची भांडी’ हे नाव पडले. तांबटांच्या आळ्यांवर त्याचा जो परिणाम झाला तो व्हावयाचाच होता.

ॲल्युमिनिअमसंबंधी एक आकडा ध्यानात ठेवावा. एक किलो धातू मिळविण्यास सुमारे चौदा युनिट वीज खर्ची पडते. म्हणून त्याचे कारखाने खाणीपेक्षा नदीच्या आश्रयाने उभे राहतात. आपल्याकडे पहिला धातू १९४३ मध्ये केरळात अलवाय येथे पेरियार नदीकाठी निघाला. १९५९ मध्ये हिराकूड. आणि १९६२ मध्ये काशीच्या दक्षिणेस, तेव्हाच्या मिर्झापूर जिल्ह्यात, रेणुकूट येथे हिंदाल्कोचा कारखाना रिहंद धरणाच्या विजेवर चालू झाला. रिहंद शोणाला मिळते आणि शोण गंगेला. गंगेच्या खोऱ्यातील पाण्याचा वेग विजेत आणि वीज धातूत साठवावयाची, असा हा व्यवहार. महाराष्ट्राचा वाटाही त्यात होता: कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरीकडील बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात ॲल्युमिना होण्यासाठी जात असे. आता हिशोबाची दुसरी बाजू. तोच धातू मोडीतून पुन्हा वितळविला तर मूळच्या विजेच्या सुमारे पाच टक्के इतकीच ऊर्जा लागते. कारण ऑक्सिजनची मिठी एकदाच सोडवावी लागते, मग ६६० अंशांवर वितळविणे तेवढे उरते. पेढीवर ठेव असावी तशी ही धातूतली ठेव आहे. भांडे फेकणे म्हणजे ठेवीची पावती फाडणे.

हे कोणाच्या ध्यानात आले? अमेरिकेत कोलोराडोतील कूर्स ह्या बियर गाळणाऱ्या कंपनीने १९५९ साली सात औंसांचा ॲल्युमिनिअमचा डबा बाजारात आणला आणि रिकामा डबा परत आणणाऱ्यास एक सेंट देऊ केला. ती मोडच होती, फक्त ठरलेल्या दराची. डब्याला उभा सांधा नव्हता. पुढच्या दशकात ही कृती पूर्णत्वास गेली. पत्र्याची वाटोळी चकती छापून उथळ वाटी करावयाची. ती वाटी दट्ट्याने एकामागून एक अरुंद कड्यांतून ओढावयाची, म्हणजे बूड जाड राहते आणि भिंत ताणली जाऊन पातळ होत जाते. तयार डब्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतकी आणि वजन अवघे तेरा ग्रॅमच्या आसपास. असा डबा रिकामा असता बोटाने चेपतो, भरलेला असता त्यावर माणूस उभा राहू शकतो. कारण आतील वायूचा दाब त्याला ताठ ठेवतो. बूड आत दबलेल्या घुमटासारखे केलेले असते, ते त्या दाबाने बाहेर फुगू नये म्हणून. जयपूरच्या घटाला सांधा नको म्हणून कारागिरांनी जे परिश्रम केले ते आता यंत्र पापणी लवते न लवते तोच करू लागले.

झाकणाची गोष्ट अधिक रंजक आहे. ओहायोमधील एर्मल फ्रेझ हा यंत्रकार १९५९ साली सहलीला गेला असता डबे उघडण्याचे हत्यार घरी राहिले, आणि मोटारीच्या बंपरवर डबे फोडावे लागले, असे सांगतात. त्याने झाकणाच्याच धातूची खुंटी उठवून तिला कडी अडकविली आणि कमकुवत रेघेवरून फाडता येणारे तोंड केले. १९६३ मध्ये त्याला पेटंट मिळाले. १८१० पासून डब्याला नसलेली किल्ली अखेर डब्यातच बसली. पण ह्या किल्लीने नवाच उपद्रव मांडला. लोक कडी ओढून फेकीत. किनारे, बागा, रस्ते धारदार कड्यांनी भरले. अनवाणी पाय कापले, जनावरांच्या पोटात कड्या गेल्या. आणि शिवाय प्रत्येक कडीबरोबर थोडा धातू मातीत गेला. १९७५ साली रेनॉल्ड्स कंपनीतील डॅनियल कुड्झिकने तोंडाची पाकळी आत वळेल आणि कडी डब्यालाच चिकटून राहील अशी रचना केली. लोकांच्या तोंडी फ्रेझचे नाव आहे. वास्तविक मोठेपण कुड्झिकच्या शोधाचे मानावयास हवे. कारण त्यामुळे डबा पुन्हा संपूर्ण झाला, आणि मोडीत गेला तर कडीसकट जाऊ लागला.

तरीही मोडीचा जुना प्रश्न उरलाच. डब्याच्या अंगात ओढले जाण्याचा मऊपणा हवा, म्हणून त्यात थोडे मँगनीज आणि साधारण शेकडा एक भाग मॅग्नेशियम असते. झाकण फाटले तरी चिरफळू नये, खुंटी टिकावी, म्हणून त्यात मॅग्नेशियम शेकडा चारांहून अधिक. दोन्ही एकत्र वितळविले की ना अंगाचा धातू राहतो ना झाकणाचा. पितळेतील जस्ताप्रमाणेच मॅग्नेशियमही भट्टीत काही प्रमाणात जळून जाते. उरलेल्याचे माप पाहून नवा धातू मिसळावा लागतो. डब्यावरील रंग आणि आतील लाखेसारखा लेप आधी गरम हवेने जाळून काढावा लागतो, नाहीतर भट्टीत धूर होतो आणि धातूची राख होऊन तो वाया जातो. कचऱ्यातून ॲल्युमिनिअम निवडणे ही आणखी एक अडचण, कारण लोहचुंबक त्याला ओढीत नाही. त्यावर युक्ती अशी निघाली की पट्ट्याच्या टोकाशी चुंबकांचे रूळ वेगाने फिरवावयाचे. त्यामुळे ॲल्युमिनिअममध्ये क्षणिक विद्युत्प्रवाह उठतात आणि डबा स्वतःच उडी मारून दुसऱ्या पेटीत पडतो. एवढे सारे नीट जुळले तर दुकानातून गेलेला डबा सुमारे दोन महिन्यांत पुन्हा डबा होऊन दुकानात येऊ शकतो. जेथे ते जुळत नाही तेथे डबे, मोटारींचे भाग, तारा असे काहीही एकत्र वितळवून ओतीव पातेली केली जातात, आणि त्यांत शिसे येण्याचा धोका असतो. काशीपुऱ्यातील कसेऱ्याला हे सांगावे लागले नसते.

रेणुकूटच्या त्या कारखान्याच्या मालक कंपनीने २००७ साली नोव्हेलिस ही अमेरिकेतील कंपनी सुमारे सहा अब्ज डॉलरांना विकत घेतली. पेयांच्या रिकाम्या डब्यांचा धातू परत वितळविणारी ती जगातील सर्वांत मोठी कंपनी. पेयांचे ॲल्युमिनिअमचे डबे घडविणारा कारखाना पनवेलजवळ तळोजा येथे आहे. गोडसे भटजींच्या वरसईचा आणि तळोज्याचा जिल्हा एकच. पूर्वीचा कुलाबा, आताचा रायगड.

काशीच्या घाटांवर आज पाणी भरून नेण्यासाठी प्लास्टिकचे डबे विकत मिळतात. टपाल खात्याने २०१६ पासून ऋषिकेश आणि गंगोत्रीचे गंगाजल बाटलीतून घरपोच देण्यास आरंभ केला. बाटलीला धातूसारखा मोडीचा भाव नाही. देवघरात ती गडूशेजारी ठेवता येते, पण तिच्या धन्यावर दुष्काळ आला तर ती काही कामाची नाही.

धातूची मोड मात्र देशात थांबलेली नाही; ती कोण करतो एवढेच बदलले. अमेरिकेत परत आणलेल्या डब्यावर सेंट मिळे तो ग्राहकाला. येथे डबा उचलणारा निराळा आणि पिणारा निराळा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया, १९९३ साली आपली संघटना बांधली; तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून पुणे महानगरपालिकेशी करार करून ती दारोदार कचरा गोळा करू लागली. त्यापूर्वी कचराकुंडीत हात घालणारी बाई ज्या धातूसाठी हात घाली, त्यात रिहंदसारख्या एखाद्या नदीची वीज साठलेली होती. तिला मात्र भंगारवाला देईल तो भाव घ्यावा लागे आणि वर चोरीचा संशय सोसावा लागे. पंचायतीने तिच्या हाती ओळखपत्र दिले. वजनाच्या काट्यावर पत्रा आणि ॲल्युमिनिअम वेगळे घालावयाचे, मिसळले तर भाव पडतो, हे तिला आधीपासूनच येत होते. रिकामा डबा ती पायाखाली चेपते आणि ॲल्युमिनिअमच्या पोत्यात टाकते.